कोलंबसचा शनिवार : ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सास

ओहायो राज्याची राजधानी असलेले कोलंबस हे शहर भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. येथे समुद्र नाही, डोंगर नाहीत, न्यूयॉर्कसारखी गर्दीही नाही. परंतु येथे ओहायो स्टेट विद्यापीठ आहे आणि त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. माझा धाकटा भाऊ या विद्यापीठात शिकायला म्हणून आला आणि कायमचा इथलाच झाला. माझा मुलगा मात्र टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला शिकला आणि नोकरीही तिथेच करतो. हे दोन्ही संघ ३० ऑगस्ट २०२५ रोजी हंगामाच्या सलामीलाच कोलंबसमध्ये भेटणार असल्याचे कळल्यापासून घरच्या फोनवर मामा-भाच्याची जुंपलेली होती. गणेशचतुर्थी त्याच आठवड्यात येत असल्यामुळे मीही जाण्याचे ठरवले.

बुधवार, २७ ऑगस्ट

मुंबईहून नेवार्कमार्गे कोलंबसच्या जॉन ग्लेन विमानतळावर मी आदल्या रात्री उतरले होते. मुलगा ऑस्टिनहून सकाळी आला, तो टेक्सासचा विटकरी-नारिंगी सदरा घालूनच. दारात मामाने त्याला मिठी मारली आणि लगेच सांगितले, की हा रंग पूजेला चालणार नाही. भावजयीने उकडीच्या मोदकांची उकड काढून ठेवली होती. आम्ही दोघी मोदक वळत असताना बाहेरच्या खोलीत आरास आणि वादविवाद असे दोन्ही एकाच वेळी चालले होते. या घरी गणपती दीड दिवसाचा असतो. तसा तो आमच्या सांगलीच्या घरीही दीड दिवसाचाच असतो, त्यामुळे त्याचे श्रेय फुटबॉलला देता येणार नाही. मात्र येथील मंडळी घरच्या मैदानावर सामना असलेल्या शनिवारी लग्न किंवा मुंजीचा बेत आखताना दहादा विचार करतात, हे भावजयीने मला अगदी गंभीरपणे सांगितले.

संध्याकाळच्या आरतीला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी बरेच जण ओहायो स्टेटचे माजी विद्यार्थी होते. त्यांच्या बोलण्यातून मला या वेडाचे कारण थोडे उमगले. कोलंबसमध्ये आइस हॉकीचा आणि सॉकरचा व्यावसायिक संघ आहे, परंतु अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला, म्हणजे एनएफएलचा संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या शहराचा संघ ठरतो आणि जो या विद्यापीठाच्या पायरीवरही कधी चढलेला नाही, असा दुकानदारही ‘आपण जिंकलो’ असेच म्हणतो. या वर्षी त्या ‘आपण’ला विशेष धार होती, कारण २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असे हरवून ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले होते.

असे असूनही असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिला क्रमांक मिळाला होता टेक्सासला. हंगामाआधीच पहिला क्रमांक मिळण्याची टेक्सासची ही पहिलीच वेळ होती. पेन स्टेट दुसरे आणि गतविजेते ओहायो स्टेट तिसरे. प्रसाद वाटून होण्यापूर्वीच हा विषय निघाला, आणि खिरापत हातात धरून उभे असलेले एक काका म्हणाले, “विजेत्याला तिसरा आणि उपांत्य फेरीत त्याच्याकडून हरलेल्याला पहिला, हा कुठला न्याय?” त्यावर माझा मुलगा शांतपणे म्हणाला, की क्रमवारी गेल्या वर्षीच्या संघाची नसून या वर्षीच्या संघाची असते.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ऋषिपंचमी. अळू आणि भेंडी भारतीय दुकानातून आणलेली, तर मक्याची कणसे ओहायोच्याच शेतातली. ऑगस्टअखेरची ही कणसे इतकी गोड असतात, की ऋषीच्या भाजीला त्या दिवशी जराशी निराळीच चव आली. दुपारी परसात मोठ्या घंगाळात विसर्जन झाले आणि संध्याकाळपासून घर पूर्णपणे फुटबॉलच्या ताब्यात गेले.

हा वाद मी वहीत टिपून घेतला, कारण तो केवळ आरडाओरडा नव्हता. दोघांनीही अभ्यास केलेला होता. मुलाचा पहिला मुद्दा असा, की ओहायो स्टेटचे चौदा खेळाडू एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी निवडून नेले, आक्रमणाचा समन्वयक (म्हणजे आक्रमण आखणारा सहप्रशिक्षक) चिप केली आणि बचावाचा समन्वयक जिम नोल्स हे दोघेही सोडून गेले आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, म्हणून जो ज्यूलियन सेइन उतरणार आहे तो एकाही महाविद्यालयीन सामन्यात सुरुवातीपासून खेळलेला नाही. मामाचे उत्तर असे, की टेक्सासच्या आर्च मॅनिंगनेही गेल्या हंगामात जखमी क्वार्टरबॅकच्या जागी केवळ दोन सामने सुरुवातीपासून खेळले होते आणि तेही दुबळ्या संघांविरुद्ध. मग त्याचा एवढा गाजावाजा कशासाठी? गाजावाजाचे कारण उघड आहे. आर्च हा आर्ची मॅनिंगचा नातू आणि पेटन व इलाय या दोन नामांकित क्वार्टरबॅकांचा पुतण्या आहे. घराण्याचे नाव पाहून अपेक्षा बांधण्याची आपली सवय अमेरिकेतही चांगलीच रुजलेली आहे, हे ऐकून मला गंमत वाटली.

मग गाडी जेरेमाया स्मिथवर आली. हा ओहायो स्टेटचा झेल घेणारा खेळाडू देशातला सर्वोत्तम मानला जातो. परंतु जानेवारीतल्या उपांत्य सामन्यात टेक्सासने त्याला एकच झेल घेऊ दिला आणि तोही तीन यार्डांचा. मुलाने हा आकडा ताटातल्या वाढणीसारखा मामापुढे ठेवला. मामाने तो नाकारला नाही. “पण सामना कोण जिंकलं?” एवढेच त्याने विचारले.

तो सामना १० जानेवारीला टेक्सासमधल्याच आर्लिंग्टन येथे झाला होता. ओहायो स्टेट २१-१४ असे पुढे असताना टेक्सास गुण मिळवून देणाऱ्या शेवटच्या रेषेपासून एका यार्डावर येऊन पोचले होते. वाचकांसाठी सांगते : या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चौथी संधी ही कबड्डीतल्या ‘करा किंवा मरा’ चढाईसारखी असते. त्यात फसलात, तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. टेक्सासने सरळ घुसण्याऐवजी चेंडू बाजूला फेकून वळसा घालण्याचा डाव टाकला, त्यात ते आणखी मागे ढकलले गेले आणि चौथ्या डाऊनवर ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्सच्या हातातून चेंडू उडवून तो ८३ यार्ड पळवत नेला. हा युअर्स पूर्वी ओहायो स्टेटमध्ये असताना सॉयरचा खोलीतला सोबती होता, हा तपशील मामाने दोनदा सांगितला. निकाल लागला २८-१४.

“एक यार्ड उरलेला असताना सरळ घुसायचं सोडून वळसा घातला, म्हणून हरलो. परत तशी वेळ आली, तर घुसू,” असे मुलगा म्हणाला. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवले. दोन तासांच्या वादात नावे पुष्कळ आली, आकडे पुष्कळ आले. पण सामना नेमका कुठे ठरतो याविषयी कोणी बोलले असेल, तर ते एवढेच.

जेवणानंतर वादाने दुसरे वळण घेतले : हंगामाच्या पहिल्याच दिवशी इतक्या तगड्या प्रतिस्पर्ध्याशी खेळावेच का? पुष्कळ मोठे संघ सुरुवातीला एखाद्या लहान विद्यापीठाला बोलावून सहज विजय मिळवतात आणि हात साफ करून घेतात. पूर्वी अजिंक्यपदाच्या फेरीत चारच संघ जात आणि एक पराभवही महागात पडू शकत असे. २०२४ च्या हंगामापासून तिथे बारा संघ घेतात. त्यामुळे आता सलामीला हरलेल्यालाही सावरायला वाव आहे, असा मामाचा मुद्दा. मुलाचे म्हणणे असे, की हे ऐकायला चांगले आहे, परंतु निवड समिती शेवटी पराभवांची संख्याच मोजते आणि टेक्सासला आग्नेय परिषदेत, म्हणजे ज्या गटात ते खेळते त्यात, पुढे आणखी कठीण सामने खेळायचे आहेत. मला दोघांपैकी मामाचे पटले. पण त्याचे कारण निराळे. ज्या सामन्यासाठी माणसे आठ महिने वाद घालतात तो खेळलाच नाही, तर या साऱ्या खटाटोपाला अर्थ काय?

शुक्रवार, २९ ऑगस्ट

सकाळी विद्यापीठ पाहायला गेलो. ओलेंटँजी नदीच्या काठी ओहायो स्टेडियम उभे आहे. १९२२ साली बांधलेल्या या वास्तूला तिच्या नालेसारख्या आकारामुळे सगळे ‘हॉर्सशू’ किंवा नुसते ‘शू’ म्हणतात. अधिकृत आसनसंख्या १,०२,७८०, म्हणजे मुंबईच्या वानखेडे स्टेडियमच्या साधारण तिप्पट. उत्तरेकडचे घुमटाकार प्रवेशद्वार रोममधल्या पँथिऑनची आठवण करून देते. शनिवारी इथे थांबून वर पाहायला गर्दी उसंत देत नाही, म्हणून ही जागा आदल्या दिवशीच निवांत पाहून घ्यावी.

ज्यांना पुढे कधी सामन्याला यायचे असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी इथेच सांगते. स्टेडियममध्ये ठरावीक मापाची पारदर्शक पिशवीच नेता येते. आपली नेहमीची खांद्यावरची पिशवी गाडीत किंवा घरीच ठेवावी. शहराच्या मध्यभागी उतरला असाल, तर हाय स्ट्रीटवरून धावणारी सिटी बस सोयीची पडते. मात्र सामन्याच्या दिवशी शेवटचा टप्पा पायीच चालायचा असे गृहीत धरावे आणि पायात चांगले बूट असावेत. आमची तिकिटे भावाच्या हंगामी पासामुळे मिळाली. ती सोय नसेल, तर अशा मोठ्या सामन्याऐवजी सप्टेंबरमधला एखादा लहान सामना निवडावा. वाद्यवृंद, गर्दी आणि घोषणा तशाच असतात आणि खिशालाही झेपते.

दुपारी हाय स्ट्रीटवर तांबड्या आणि विटकरी-नारिंगी रंगांची सरमिसळ झालेली होती. मुलगा येताजाता तर्जनी आणि करंगळी वर करून लांब शिंगांच्या बैलाची खूण करी आणि समोरून तीच शिंगे उलटी करून दाखवली जात. यात कुठेही कटुता नव्हती. एका खाणावळीत शेजारच्या टेबलावर तांबड्या स्वेटरमधल्या एक वृद्ध बाई एकट्याच बसल्या होत्या. माझी साडी पाहून त्यांनी आपणहून चौकशी केली आणि माझा मुलगा टेक्सासचा आहे हे कळल्यावर खुर्ची आमच्याकडे वळवली. २००५ साली हे दोन संघ प्रथमच भेटले तेव्हा त्या याच स्टेडियममध्ये होत्या. ओहायो स्टेट पुढे होते आणि अखेरची तीनेक मिनिटे उरली असताना टेक्सासच्या व्हिन्स यंगने लांब फेकलेल्या चेंडूवर टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचून गुण मिळाले; टेक्सास २५-२२ ने जिंकले आणि त्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेही ठरले. त्या रात्री आपण गाडीत बसून कोणाशीही बोललो नाही, असे त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटने ऑस्टिनला जाऊन २४-७ असा हिशेब चुकता केला, हे सांगतानाही त्यांचा चेहरा फारसा उजळला नाही. बाईंना मॅनिंगची चिंता नव्हती. त्यांना चिंता होती ती नव्या बचाव-समन्वयकाची, म्हणजे मॅट पॅट्रिशियाची. व्यावसायिक संघांत नाव कमावलेला हा माणूस विद्यापीठाच्या मुलांना इतक्या थोड्या अवधीत काय शिकवणार, असा त्यांचा प्रश्न होता. एवढ्या वादात बचावाला मध्यवर्ती स्थान देणारे मला भेटलेले हे पहिलेच माणूस.

निघताना त्यांनी पर्समधून ‘बकआय’ची दोन चॉकलेटे काढून आमच्या हातांवर ठेवली. बकआय हे ओहायोचे राज्यवृक्षाचे फळ. त्याची बी तपकिरी असून तिच्यावर फिकट ठिपका असतो. त्याच रूपात शेंगदाण्याच्या लोण्याची गोळी चॉकलेटमध्ये अर्धवट बुडवून ही मिठाई करतात. खरी बी विषारी असते, मिठाई मात्र जरूर खावी.

शनिवार, ३० ऑगस्ट

सामना भर दुपारी बाराचा होता. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी ठरवलेली ही वेळ कोलंबसच्या चाहत्यांना मुळीच आवडत नाही, कारण त्यांना रात्रीच्या दिव्यांतला सामना हवा असतो. आम्ही उजाडण्यापूर्वीच निघालो. हवेत गारठा होता, स्वेटर लागला आणि तोच दहा वाजता उन्हात काढावा लागला. लेन ॲव्हेन्यूच्या आसपास गाड्यांच्या उघड्या डिक्यांभोवती खुर्च्या, शेगड्या आणि तंबू मांडलेले होते. याला टेलगेट म्हणतात. भावाच्या मित्रमंडळींच्या शेगडीवर इतरांचे सॉसेज भाजले जात होते आणि आमच्या डब्यातून बटाटेवडे निघत होते. शेजारच्या टेक्सासवाल्यांनी लसणाची चटणी इतकी उचलून धरली, की भावजयीला डबा मागे ओढून घ्यावा लागला.

त्या सकाळी आणखी एक निमित्त होते. १९८७ पासून शनिवार सकाळचा फुटबॉलचा कार्यक्रम गाजवणारे ली कोर्सो वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या दिवशी निवृत्त होत होते. विजेता कोण हे सांगताना त्या संघाच्या शुभंकराचा मुखवटा डोक्यावर चढवण्याची त्यांची प्रथा ऑक्टोबर १९९६ मध्ये याच कोलंबसात, ओहायो स्टेटचा शुभंकर ब्रूटस बकआय याच्या मुखवट्याने सुरू झाली होती. त्यामुळे ते कोणाची निवड करणार याचा अंदाज बहुतेकांना होता; तरीही सामन्याच्या थोडे आधी त्यांनी पुन्हा ब्रूटसचे डोके धारण केले तेव्हा जो जल्लोष झाला तो मी विसरणार नाही. माझ्या मुलानेही टाळ्या वाजवल्या, मग मामाकडे पाहून त्या थांबवल्या.

त्यापूर्वी आम्ही सेंट जॉन अरिनामध्ये ‘स्कल सेशन’ला बसलो होतो. सामन्याच्या दोन तास आधी विद्यापीठाचा वाद्यवृंद तिथे वाजवतो, संघ येऊन जातो आणि प्रवेश विनामूल्य असतो. तिकीट नसलेल्यांनीही हा कार्यक्रम चुकवू नये. मात्र जागेसाठी लवकर जावे. हा वृंद केवळ पितळी वाद्यांचा आणि ढोल-ताशांसारख्या तालवाद्यांचा आहे. मैदानावर हेच वादक चालता चालता इंग्रजी लपेटीदार अक्षरांत ‘ओहायो’ हे नाव रेखतात आणि अखेरीस सूझाफोन हे अवजड वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी ऐटीत पुढे येऊन ‘आय’ या अक्षरावरचा ठिपका होऊन उभा राहतो. ही परंपरा १९३६ पासूनची आहे. पुण्याच्या ढोलपथकांची शिस्त पाहिलेल्या माझ्यासारखीलाही त्या ठिपक्याच्या वेळी उभे राहावेसे वाटले.

आणि मग सामना. ज्यांनी मॅनिंग विरुद्ध सेइन अशी आतषबाजी होणार म्हणून तिकिटे घेतली होती त्यांची सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या भागात निराशाच झाली, कारण त्यात एकही गुण झाला नाही. दुसऱ्या भागात ओहायो स्टेटचा सीजे डोनल्डसन एका यार्डावरून रेटून घुसला आणि मध्यांतराला ओहायो स्टेट ७-० ने पुढे राहिले. प्रशिक्षक रायन डे आपल्या नवख्या क्वार्टरबॅकला जपून खेळवत होते. कोणताही मोठा धोका पत्करायचा नाही, चेंडू गमवायचा नाही आणि बाकीचे बचावावर सोपवायचे, असा हा बेत उघड दिसत होता. आमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ त्यावर मोठ्याने कुरकुरत होते. मला तो बेत शहाणपणाचा वाटला.

तिसऱ्या भागात टेक्सास मैदानाची लांबी संथपणे कापत आले आणि पुन्हा एका यार्डावर येऊन थांबले. चौथा डाऊन होता. मुलगा उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “आता सरळ.” मॅनिंग खरोखरच सरळ घुसला. समोर तांबड्या सदऱ्यांची भिंत उभी राहिली, ढीग झाला, शिट्टी वाजली आणि चेंडू रेषेच्या अलीकडेच होता. लाखभर माणसांच्या आवाजाने पायाखालचे काँक्रीट थरथरते, हे मी केवळ ऐकून होते. जानेवारीत वळसा घातला म्हणून हरलो असे जे आठ महिने सांगितले जात होते, ते स्पष्टीकरण त्या क्षणी निकालात निघाले. वळसा घेतला तेव्हाही ती भिंत होतीच.

त्यानंतर मॅनिंगचा एक फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने पकडला आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीला सेइनने दिवसभरात प्रथमच मोठी उडी घेतली : कार्नेल टेटकडे ४० यार्डांची फेक आणि टचडाऊन, १४-०. स्मिथला रोखायला दोन-दोन माणसे लागली की दुसरा मोकळा सुटतो, हे मामा गुरुवारी म्हणाला होता. त्याची आठवण त्याने आता सगळ्यांना करून दिल्याशिवाय सोडले नाही. साडेतीन मिनिटे उरली असताना मॅनिंगने पार्कर लिव्हिंगस्टोनला ३२ यार्डांचा सुरेख चेंडू देऊन १४-७ केले, त्या वेळी आदल्या दिवशीच्या बाईंची मला फार आठवण झाली. परंतु टेक्सासचा अखेरचा चौथा डाऊनही थोडक्यात अडला.

आकडे पाहिले तर गंमत वाटते. टेक्सासने ३३६ यार्ड कापले आणि ओहायो स्टेटने अवघे २०३. पण टेक्सासला पाच चौथ्या डाऊनांपैकी एकच साधला. पॅट्रिशियाबद्दलची चिंता एका दुपारीत संपली. सामना संपल्यावर खेळाडू वाद्यवृंदासमोर जाऊन विद्यापीठाचे गीत म्हणतात, सगळे प्रेक्षक एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डोलतात. माझ्या एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला मुलगा. तो गायला नाही, पण हात मात्र त्याने काढला नाही.

परतीच्या वाटेवर घाई करू नये. पहिला तासभर गाड्या जागच्या हलत नाहीत. तेवढ्या वेळात टेलगेटच्या जागी बसून उरलेले वडे संपवणे उत्तम.

रविवार, ३१ ऑगस्ट

मुलाचे विमान दुपारी होते. सकाळी जर्मन व्हिलेज या जुन्या वस्तीत विटांच्या रस्त्यांवरून थोडे फिरलो, बत्तीस खोल्यांच्या पुस्तकांच्या दुकानात हरवलो आणि भल्या मोठ्या क्रीम पफवर न्याहारी उरकली. मामा-भाचे दोघेही अपेक्षेपेक्षा शांत होते. मुलाने मान्य केले, की मॅनिंगच्या ३० पैकी १७च फेकी झेलल्या गेल्या, हे पहिल्या क्रमांकाला शोभणारे नव्हते. मामाने मान्य केले, की २०३ यार्डांत रोज सामने जिंकता येणार नाहीत. मला वाटते, सामन्याच्या आधीपेक्षा नंतरच दोघे अधिक खरे बोलले.

परतीचा सामना १२ सप्टेंबर २०२६ रोजी ऑस्टिनला आहे आणि त्या वर्षी गणेशचतुर्थी १४ तारखेला येते. ज्यांना जायचे असेल त्यांनी राहण्याची सोय फार आधी करावी आणि उन्हाची तयारी ठेवावी. टेक्सासचा सप्टेंबर ओहायोसारखा सौम्य नसतो.

मंगळवारी नवी क्रमवारी लागली. ओहायो स्टेट पहिले, टेक्सास सातवे. मुलाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, “सातवे म्हणजे बारांत आहोत.” मामाचे उत्तर मिनिटभरात आले, “अजून अकरा सामने आहेत रे, आधी ते चौथे डाऊन बघा.”